एक सूर्यास्त जाहिरातीत गेला

खोली देण्याआधी सिस्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. रक्त पाहून चक्कर येते का? पलंगावरची चादर ताणून तिचा कोपरा नीट मुडपता येतो का? आणि रविवारी दुपारी घरी असशील का? पहिले दोन समजण्यासारखे होते. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन बुलढाण्याला आले होते आणि त्या स्वतः जन्मभर नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ काही लागला नाही. मी आपली हो म्हणाले.

सोबत बाबा होते. धामणगाव बढ्याहून सकाळच्या एसटीनं माझी वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आले होते. सिस्टरांच्या दारावर लाकडाचा छोटा क्रूस ठोकलेला होता, तो त्यांना निघताना दिसला. गाडी लागल्यावर म्हणाले, "बाई चांगली वाटते. पण तुह्या मायले ते दारावरचं एवढ्यात सांगू नको."

मायला महिनाभरानं कळलंच. फोनवर म्हणाली, "ते बाई तुले बाटवून-गिटवून तं नाई राह्यली?" मायचा आवाज असा, की फोन नसता तरी घाट चढून बुलढाण्यापर्यंत आला असता. सिस्टर तिथंच अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांग तुह्या मायले, मी लोकायले इंजेक्शनं देल्ली. धर्म नाई देल्ला कोणाले."

पुढच्या एकादशीला मी कॉलेजातून आले तर ओट्यावर साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवलेली. मी उपास धरते हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सकाळी डबा नेला नाही एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं.

घर दोन खोल्यांचं, मागं पत्र्याची पडवी, पडवीला लागून शेवग्याचं झाड. पण सिस्टरांनी त्या घराचा दवाखाना करून टाकला होता. माझी खोली म्हणजे जनरल वॉर्ड. सकाळी सहाला त्या राउंडला येत. खरोखर येत. दारात उभं राहून माझी चादर, उशी, पाण्याचा तांब्या बघत आणि "ठीक" म्हणून पुढं जात. चादरीला सुरकुती दिसली तर "ठीक" मिळत नसे. दूधवाल्यानं दोन दिवस खाडा केला तर तिसऱ्या दिवशी त्याच्याशी भांडत नसत, जीभ दाखवायला लावत. "पित्त झालं तुले. म्हणून उठणं होत नाई," असं म्हणून ओव्याची पुडी हातात ठेवत. चमचे उकळत, कात्री उकळत, एकदा माझी वेणीची पिनसुद्धा उकळली. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "नाईट ड्यूटी होती." एवढंच.

पहिल्या रविवारी त्या चर्चमधून आल्या, जेवलो, आणि बरोबर एक वाजता त्यांनी खिडकीचे पडदे ओढले. टीव्ही लावला. मला समोर खुर्ची दिली. मग मला त्यांचा तो तिसरा प्रश्न कळला.

एका हिंदी चॅनलवर दर दोन-तीन आठवड्यांनी एकच पिक्चर लागायचा. बाहेरदेशचा, हिंदीत बोलणारा. त्याचं नाव त्या कधी घेत नसत, 'आपला पिक्चर' म्हणत. वाळवंटात गाडलं गेलेलं एक शहर, त्या शहरात कधी न आटणारी विहीर, आणि ती शोधायला निघालेली बारा माणसं. त्यांचा म्होरक्या एक दाढीवाला ट्रक ड्रायव्हर. मारामाऱ्या, वाळूची वादळं, साप, तुटणारे पूल, सगळं भरपूर. आमच्या गावात असला पिक्चर लागला असता तर पोरांनी शिट्ट्या मारत पाहिला असता. सिस्टर तो बायबल वाचल्यासारखा पाहत.

"हे पाह्य," त्या बोट रोखत. "त्याले सांगतलं पूर्वेले जा. हा बसला पश्चिमेच्या जहाजात. आता तुफान येते का नाई पाह्य."

तुफान यायचं. जहाज बुडायचं, ड्रायव्हर पाण्यात पडायचा आणि जिथून पळाला त्याच किनाऱ्याला येऊन लागायचा.

"योना," सिस्टर म्हणायच्या.

योना कोण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. देवानं त्याला एका शहरात जाऊन खरं बोलायला सांगितलं, तर हा भिऊन उलट्या दिशेच्या जहाजात बसला, अशी ती गोष्ट. पुढं वादळ, मग मोठा मासा, माशाच्या पोटात तीन दिवस. सिस्टरांनी ती मला वांग्याचं भरीत करता करता सांगितली. अशा त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला त्या पिक्चरच्या पाठीवर बसून कळल्या. बारा माणसांची शिदोरी संपते आणि विमानातून डब्यांची पेटी खाली पडते, तेव्हा रानात भुकेल्या लोकांसाठी आभाळातून पडलेल्या अन्नाची गोष्ट. त्यांच्यातलाच एकजण ड्रायव्हरला मिठी मारतो आणि त्या खुणेनं शत्रूला माणूस दाखवून देतो, तेव्हा येशूला पकडून देणाऱ्या यहूदाची. त्या मिठीला सिस्टर दरवेळी तोंड फिरवून बसायच्या. "इतका जवळ येऊन," म्हणायच्या, "इतका जवळ येऊन करते मानूस."

काही ठिकाणी मात्र त्यांचं जमायचं नाही आणि त्या ते जमवायच्या. शेवटी ड्रायव्हर गुहेत अडकतो, दारावर दरड कोसळते, सगळे त्याला मेला समजून रडतात. मग दरड हलते आणि तो बाहेर येतो. सिस्टरांच्या हिशेबानं तो तिसरा दिवस, येशू थडग्यातून उठला तसा. मी एकदा नीट लक्ष ठेवलं.

"सिस्टर, सूर्य एकदाच मावळला. दुसराच दिवस झाला हा."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "एक सूर्यास्त जाहिरातीत गेला," म्हणाल्या.

पुढं मी मोबाइलच्या दुकानातून तो पिक्चर पेन ड्राइव्हवर भरून आणला. जाहिराती नाहीत, काही नाही. तरी सूर्य एकदाच मावळला. सिस्टरांनी चष्मा पुसला. "त्या दुकानवाल्यानं कापून देल्ला," म्हणाल्या. पेन ड्राइव्ह आल्यावर पिक्चर थांबवता येऊ लागला. त्यामुळं सव्वादोन तासांचा पिक्चर पाच तासांचा झाला.

एकदा न राहवून मी विचारलं, "पण सिस्टर, पिक्चर काढणाऱ्याच्या मनात तरी हे असीन का? त्यानं तिकिटं खपवायला काढला."

"रोग्याले माहीत असते का, त्याले काय झालं ते?" त्या म्हणाल्या. "तो म्हणते, पोट दुखते. नाडी हातात आली का आपल्याले समजते."

चर्चच्या पाळकांना हे सगळं पसंत नव्हतं. जालन्याकडचे तरुण गृहस्थ, अभ्यासू. एका नाताळात मी सिस्टरांसोबत गेले होते. पाळक हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकामागं जातो. सगळे शांतपणे ऐकत होते. दुसऱ्या बाकावरून सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "ड्रायव्हर."

नंतर पाळक घरी आले. चहा घेतला आणि फार मऊपणे म्हणाले, "सिस्टर, तुमची श्रद्धा आम्हाला माहीत आहे. पण पिक्चर तो पिक्चर. पवित्र शास्त्राला त्याच्याशी जोडायचं म्हणजे…"

"पाळकसाहेब, प्रभूनं पेरणाऱ्याची गोष्ट सांगतली," सिस्टर म्हणाल्या. "तो पेरणारा शास्त्र वाचून पेरत होता का? तो आपला पेरत होता. पाह्यणाऱ्यानं पाह्यलं."

पाळकांनी बिस्किट चहात बुडवलं, ते बुडातच राहिलं. पुढच्या नाताळात सिस्टरांना पहिल्या बाकावर बसवलं गेलं. तिथून बोललं तर फक्त पाळकांनाच ऐकू येतं, असा त्यामागचा विचार असावा.

पिक्चरमधली एक जागा अशी होती, की तिथं त्या काहीच बोलत नसत. वादळात बारा माणसं विहिरीच्या अगदी जवळ पोचतात. मोजतात तर अकराच. लंगडा स्वयंपाकी मागं राहिलेला असतो. सगळे म्हणतात, चला, तो मेला असेल. ड्रायव्हर विहिरीकडं पाठ फिरवतो आणि वाळूत परत चालू लागतो. इथं सिस्टर हात मांडीवर ठेवून नुसत्या बसायच्या. पाळकांना 'ड्रायव्हर' त्यांनी ऐकवलं होतं, पण घरात त्या जागेवर एक शब्द नाही. हे मला विचित्र वाटायचं. कारण कळलं ते दुसऱ्या वर्षी, आणि ते कळण्याआधी मला पळून जावं लागलं.

हिवाळा होता. बायकांच्या वॉर्डात माझी ड्यूटी होती. जेवणाआधी सतरा नंबरला इन्सुलिन द्यायचं होतं. मी सात ऐकलं. नाव विचारायचं, कागद पाहायचा, मगच सुई उचलायची, हे पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. त्या दुपारी दोन नवीन पेशंट आले होते, मी घाईत होते, आणि मी नाव विचारलं नाही.

सात नंबरला एक म्हातारी होती. दम्यासाठी भरती झालेली, साखरेचा आजार तिला नव्हताच. दोनच्या सुमारास ती घामानं निथळली, बोलणं बरळल्यासारखं झालं, मग डोळे मिटले. डॉक्टर धावले. साखर पार खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा म्हातारी हळूहळू भानावर आली. असं का झालं, हा प्रश्न निघालाच. कोणीतरी म्हणालं, आज सोमवार, हिचा उपास आहे, सकाळपासून पोटात काही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "उपास होता का हिचा?"

"हो," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. तिच्या मुलानं तिथंच तिला झापलं, "तुह्या उपासापायी मरशीन एक दिवस." म्हातारी अजून अर्धवट गुंगीत होती. तिला वाटलं, खरंच आपलंच चुकलं.

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी राउंडच्या आधीच मी चिठ्ठी लिहून ठेवली, 'माय आजारी आहे', आणि पहिल्या एसटीनं गावी गेले.

घरी सांगितलं, मला नर्सिंग करायचं नाही, वास सहन होत नाही. बाबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि बैलांना पाणी पाजायला गेले. मायला बरंच वाटलं असावं. नांदुऱ्याचं एक स्थळ काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, धान्याच्या व्यापारातलं घर. शनिवारपर्यंत, येत्या गुरुवारी पाहायला येऊ द्यायचं, इथवर बोलणी गेली. मी नाही म्हणाले नाही. मला वाटलं, लग्न झालं की मला कोणी सात नंबर विचारणार नाही.

रविवारी सकाळी दहा-साडेदहाला सिस्टर आमच्या दारात उभ्या. पांढरी साडी, काखेत छत्री, हातात पाण्याची बाटली. गुडघ्यांमुळं त्या बाजारापर्यंतही रिक्षानं जायच्या. त्या घाट उतरून, मोताळ्याला गाडी बदलून आल्या होत्या. चर्च चुकवून आल्या होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मायनं त्यांना बाज टाकून दिली. चहा झाला. सिस्टर मायकडं नीट पाहत म्हणाल्या, "तुमी आजारी होत्या म्हणे."

"मी?" माय म्हणाली. "मले काय धाड भरली?"

सिस्टर सुपातल्या तुरीच्या शेंगा ओढून सोलू लागल्या. मायशी पिकांचं बोलल्या, गुडघ्यांचं बोलल्या. बाबा आले, तर त्यांना सांगितलं की आज दुपारी आपला पिक्चर आहे. बाबांनी विचारलं, कोणता? मग सिस्टरांनी पिक्चर सांगितला, आभाळातून पडणाऱ्या पेटीपर्यंत. बाबांनी मान डोलावली. "म्हंजे द्रौपदीची थाळी," म्हणाले. सिस्टरांचे हात थांबले. त्यांनी थाळीची गोष्ट पूर्ण सांगायला लावली, शेवटच्या भाजीच्या पानासकट. मग म्हणाल्या, "हे मले माहीत नव्हतं." आमच्या घरात त्या दिवशी त्यांचं वजन वाढलं ते या एका वाक्यानं.

मग त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "मले मागचं दाखव वं, हात धुवाले."

मागं गोठ्याजवळ मी तांब्यातून पाणी घालत होते. त्या हात चोळत होत्या, कोपरापर्यंत, ऑपरेशनला जाताना चोळतात तसे.

"बेड नंबर सांग," त्या म्हणाल्या.

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. कॉलेजातही कोणाला काही माहीत नव्हतं.

"सात," मी म्हणाले.

"काय देल्लं?"

मी सांगितलं. किती, केव्हा, कोणाऐवजी कोणाला. उपासाचंही सांगितलं.

"मेली?"

"नाई."

"मंग चाल," त्या म्हणाल्या. "कपडे घे."

मायनं जेवून जा म्हटलं, काकांनी गुरुवारचं काढलं. सिस्टर काकांना म्हणाल्या, "भाऊ, हिची एक ड्यूटी अधुरी आहे. तेवढी करू द्या. मंग तुमी आन् ती पाह्यून घ्या." बाबांनी माझी पिशवी उचलली आणि पुढं चालू लागले. माझ्या वडिलांनी त्या दिवशी मला एकही प्रश्न विचारला नाही, याचेही उपकार मी विसरलेले नाही.

राजूरच्या घाटात गाडी हळू चढत होती. सिस्टर खिडकीशी होत्या. बाहेर पाहतच त्या बोलू लागल्या.

"मी बी पळाली होती एकदा. तुह्याएवढीच होती. बाळंतिणीच्या वॉर्डात माह्या हातून चूक झाली. बाई वाचली, पण लई हाल झाले तिचे. मी भावाच्या घरी अमडापूरले जाऊन बसली. मले वाटे, कोणीतरी येईन. रागवाले का होईना, पण येईन. रोज गाडीच्या टायमाले दारात उभी राहो." त्यांनी छत्री मांडीवर घेतली. "कोणी आलं नाई. तीन महिन्यानं मीच गेली. तोवर ते बाई घरी गेलती. गाव बदललं म्हणे तिनं. कोणाले सांगू मंग मी?"

गाडीनं वळण घेतलं. मला पिक्चरमधला लंगडा स्वयंपाकी आठवला, आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसलेल्या सिस्टर.

थोड्या वेळानं, त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "म्हंजे मी ते हरवलेलं मेंढरू, अन् तुमी मागं आल्या."

"मेंढरू नाई तू," त्या लगेच म्हणाल्या. "मेंढराले वाट चुकते बिचाऱ्याले. तुले वाट माहीत होती. तू योना आहेस. योनाले परत जाऊन बोलाच लागते."

त्या दिवशीचा पिक्चर आमचा दोघींचाही चुकला. तो विषयही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सिस्टर माझ्यासोबत वॉर्डापर्यंत आल्या. दारात म्हणाल्या, "मी इथीच उभी आहे. आत तू जा. माह्याकडे पाह्यून बोलू नको, म्हातारीकडे पाह्यून बोल."

वॉर्डाच्या मुख्य मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "सतरा नंबरचा डोस मग चुकलाच ना त्या दिवशी?" ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एका म्हातारीच्या भीतीनं आठवडा काढला आणि दुसरी बाई विसरूनच गेले. आजही कोणती चूक झाली की मी आधी तो दुसरा पलंग शोधते.

मॅडम मला सात नंबरकडं घेऊन गेल्या. म्हातारी अजून वॉर्डातच होती, उद्या सुटी मिळणार होती. तिचा मुलगा बशीत पोहे घेऊन समोर उभा होता आणि ती तोंड मिटून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सोमवार होता. मुलगा म्हणत होता, "डॉक्टरनं सांगतलं, उपास बंद. खा मुकाट्यानं."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. "आजी," मी म्हणाले, "त्या दिवशी तुमाले उपासानं काई झालं नव्हतं. मी तुमाले दुसऱ्याचं इंजेक्शन देल्लं. चूक माही होती. मी तेव्हा सांगतलं नाई."

मुलानं बशी खिडकीत ठेवली. माझ्याकडं आला. "माह्या मायले काई झालं असतं तं?" तो म्हणाला. ओरडला नाही. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. मी म्हणाले, "सुई मीच टोचली, दादा. नाव नाई विचारलं." तो मॅडमना काहीतरी बोलला आणि वॉर्डाबाहेर गेला. सुटी होईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही आणि मी त्याला दोष देत नाही.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. तिला माझ्या चुकीचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. ती वेगळ्याच गोष्टीनं ताठ बसली होती.

"मी सांगून राह्यली होती सगळ्यायले," ती म्हणाली. "जलम गेला माहा सोमवार धरण्यात. उपासानं मले कधी चक्कर आली नाई. माह्या महादेवावर आळ आणला होता ह्यायनं." मग मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "ते पोहे घेऊन जा तू. तुह्या तोंडावर लई भूक दिसते."

मी ते पोहे वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून खाल्ले. सिस्टर शेजारी बसल्या होत्या. माझं खाणं होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "सतराचं विचारलं का तुह्या मॅडमनं?"

"हो."

"चांगली नर्स आहे," त्या म्हणाल्या.

शिक्षा झाली. त्या वॉर्डाची पूर्ण ड्यूटी पहिल्यापासून पुन्हा करावी लागली, लेखी द्यावं लागलं, एक परीक्षा सहा महिने पुढं गेली. नांदुऱ्याचं स्थळ मोडलं. गंमत अशी, की नोकरी लागली ती नांदुऱ्यातच, आणि आता तिथंच बारा वर्षं झाली. लग्नही झालं, यजमान रेल्वेत आहेत. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मी सात आणि सतराची हकीकत दरवर्षी सांगते. स्वतःचं नाव घालून सांगते. आधी लाज वाटायची.

या सगळ्याबद्दल मी सिस्टरांचे आभार कधी मानू शकले नाही. एकदा मानायला गेले होते. शिक्षण संपून खोली सोडली त्या दिवशी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमी आल्या नसत्या तं…" त्यांनी मला उठवलं आणि माझ्या पलंगाची गादी उलटी करायला लावली. "आभार मानाचे तं त्याचे मान," म्हणाल्या, वर पाहून नाही, टीव्हीकडं पाहून. त्यांच्या डोक्यात देव आणि ड्रायव्हर यांची कितपत सरमिसळ झाली होती, हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

आता त्या ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत. भाची सोबत असते. ते चॅनल बंद पडलं, टीव्ही नवीन आला, पडदे बदलले. डोळ्यांना फार दिसत नाही, पण रविवारी भाची पिक्चर लावून देते आणि त्या ऐकतात. तेवढ्यावरही नवीन काही सापडतं. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मला फोन करून कळवलं, की पिक्चरमध्ये विहिरीपाशी भेटणारी बाई पाणी भरायला भर दुपारी एकटीच का येते, हे त्यांना आता समजलं आहे. मी दुपारच्या ड्यूटीवर होते. तरी पूर्ण ऐकलं.

महिन्यातून एकदा त्यांना ताकदीचं इंजेक्शन असतं. दवाखाना घराजवळ आहे, भाचीलाही ते देता येतं. पण त्या दुसऱ्या कोणाकडून घेत नाहीत, म्हणून मी सुटीच्या दिवशी नांदुऱ्याहून जाते.

परवा गेले होते. हात धुतले. त्यांचं पूर्ण नाव विचारलं, ते त्यांनी शाळेत सांगतात तसं पूर्ण सांगितलं. औषधाची बाटली उजेडात धरून वाचली. दंड कापसानं पुसला. कातडी आता फार पातळ झाली आहे, कागदासारखी. सुई टोचली, औषध गेलं, कापूस दाबून धरला.

"दे ना वं," त्या म्हणाल्या. "काऊन थांबली?"

"झालं, सिस्टर."

दंडावर दुसरा हात नेऊन त्यांनी कापूस चाचपला.

"हात हलका आहे तुहा," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत 'ठीक'च्या पुढं त्यांनी मला काही दिलं नव्हतं. मी चहा ठेवते म्हणून आत गेले, दूध गॅसवर ठेवलं आणि त्याच्याकडं पाहत उभी राहिले. पाहत होते, तरी ते वर आलेलं मला दिसलं नाही.

"दूध उतू गेलं वाटते," बाहेरून आवाज आला. "पाह्य तरी, पोरी. पाह्य."